कोल्हापूर–तिरुपती विमान: आकाशातलं अंतर आणि उंबऱ्यापासूनचा वेळ

कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ ते तिरुपतीचा रेणीगुंट्याचा विमानतळ, सरळ रेषेत ६५७ किलोमीटर. दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश घेऊन हे माप मी स्वतः काढलं आहे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून उभी हयात गेली. वीतभर जागेसाठी माणसं बांधावर भांडताना पाहिली. त्यामुळे कुठलंही अंतर कानावर पडलं, की ते कुठून कुठपर्यंत आणि कशाने मोजलं हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. कोल्हापूर ते तिरुपती विमानाने जायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हेच विचारावं असं मला वाटतं, कारण या प्रवासाचे जे आकडे चटकन हाताला लागतात, त्यांवर म्हाताऱ्या माणसाच्या यात्रेचा बेत आखता येत नाही.

अंतर सांगणारी संकेतस्थळं अंतराच्या बाबतीत बहुधा बरोबर असतात. वेळ मात्र ती ठोकळ हिशेबाने काढतात. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरायचा, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर घालायचा, झालं. ६५७ किलोमीटरला या रीतीने एक तास वीस मिनिटं येतात. हा हिशेब जेट विमानाचा आहे. आम्ही गेलो ते एटीआर ७२, पंख्याचं विमान. ते भर वेगात असतानाही ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे नुसतं अंतर कापायलाच एक तास वीस मिनिटं गेली. त्यात धावपट्टीच्या टोकापर्यंत सरकत जाणं, उंची गाठणं, उतरताना वळसा घेऊन रांगेत येणं हे सगळं मिळवा. आमच्या तिकिटावर पावणेदोन तासांच्या आसपास वेळ छापली होती आणि ती खरी होती.

वाऱ्याचाही थोडा फरक पडतो. पावसाळ्यात पाच-सहा किलोमीटर उंचीपर्यंत आपल्याकडे पश्चिमेचा वारा असतो आणि एटीआर साधारण त्याच पट्ट्यात उडतं. त्या दिवसांत जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर. फरक काही मिनिटांचाच, पण येताना जरा जास्त वेळ लागला तर बिचकू नका.

एटीआर का, तर त्याला आखूड धावपट्टी पुरते. कोल्हापूरची धावपट्टी कितीतरी वर्षं १,३७० मीटरचीच होती. पुढे ती १,९३० मीटरपर्यंत वाढवली. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली हा विमानतळ सुरू केला. देशात बोटांवर मोजण्याइतक्या गावांना विमान माहीत होतं तेव्हा करवीर संस्थानाने उजळाईवाडीच्या माळावर जागा सोडली, याचा आम्हां कोल्हापूरकरांना सार्थ अभिमान आहे. मधली कित्येक वर्षं तिथून नियमित विमानच नव्हतं. लहान गावं विमानाने जोडायची केंद्र सरकारची ‘उडान’ योजना आली, २०१८ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं आणि मे २०१९ मध्ये तिरुपतीचं.

तिरुपतीचं विमान सुरू झाल्याचं ऐकून मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत जो आनंद झाला, तो बाहेरच्या माणसाला चटकन कळायचा नाही. आमच्याकडे बालाजी आणि अंबाबाई हा एकाच घरचा विषय आहे. तिरुपतीला जाऊन आल्यावर करवीरनिवासिनीचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं मानणारी माणसं इथे घरोघरी आहेत. नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो, तेव्हा तो बघायला देवळात गर्दी होते. या ओढीमुळेच कोल्हापूरहून थेट तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस आहे. माझी आई याच गाडीने यात्रा करत आली. दुपारी निघायचं, मिरज, बेळगाव, हुबळी करत संध्याकाळ-रात्र काढायची, गुंतकलला झोपेत असायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपती. लोहमार्गाने अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास, वेळ एकवीस-बावीस तास. डब्यात भाकरी, चटणी, दह्याची भाकरी वेगळी, आणि समोरच्या बाकावरचं कुटुंब गडहिंग्लजचं निघालं की मग रात्री अकरापर्यंत गप्पा. ही गाडी मला अतिशय प्रिय आहे आणि आजही ती मी कोणाला वाईट म्हणणार नाही.

पण आईने ऐंशी ओलांडली आणि गुडघे गेले. रात्री चालत्या गाडीत तिला धरून संडासापर्यंत न्यायचं म्हणजे दोघींचीही परीक्षा. दोन-तीन वर्षं तिने यात्रेचं नाव काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. मग एका श्रावणात ती आपणहून म्हणाली, “अगं, त्या विमानाचं बघ की जरा. एकदा बघू दे मला.” हे परीक्षण त्या प्रवासाचं आहे, आणि विमानाला मी जे गुण देते ते तिच्या गुडघ्यांच्या हिशेबाने देते.

कोल्हापूर विमानतळाची नवी इमारत मार्च २०२४ मध्ये खुली झाली. काळ्या दगडाच्या कमानी, आपल्या वाड्यांची आणि पन्हाळ्याची आठवण करून देणारा बाज, आत भरपूर उजेड. लहान विमानतळाचा मोठा फायदा म्हणजे चालणं कमी. दारातून आत, सामान दिलं, सुरक्षा तपासणी, बसलो. मुंबई-पुण्याला जेवढं अंतर नुसत्या एका रांगेत चालावं लागतं, तेवढ्यात इथे सगळं उरकतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, निदान दोन दिवस आधी तरी कळवा. तिचे पैसे लागत नाहीत. आईला आधी संकोच वाटला. “मी काय पांगळी हाय का?” म्हणाली. पण खुर्ची ढकलणारा मुलगा कागलचा निघाला, त्याने तिच्या माहेरच्या गावाची चौकशी केली आणि ती निमूट बसली.

पुढचा मुद्दा ज्यांच्या घरी गुडघ्याचं दुखणं आहे त्यांच्यासाठी. एटीआर जमिनीपासून फार उंच नसतं. त्याचं दारच खाली उघडतं आणि त्याच्याच पायऱ्या होतात, मोजक्या पाच-सहा. मोठ्या जेटला लावतात तो उंच जिना इथे नाही. हे दार शेपटीकडे, डाव्या बाजूला असतं. पुढच्या भागात सामानाची जागा असते. म्हणून मागच्या रांगेत जागा घ्या. चढल्या चढल्या बसता येतं, उतरताना पहिला नंबर लागतो. शिवाय पंखे विमानाच्या पुढच्या निम्म्या भागात येतात, त्यामुळे त्यांची घरघर आणि थरथर मागे जरा कमी जाणवते. कमी म्हणजे आवाज असतोच. कानात घालायला कापूस घेऊन जा. दोन-दोन अशा जागा असतात, मधली जागा हा प्रकार नाही, म्हणजे आई खिडकीशी आणि शेजारी आपणच. डोक्यावरचे कप्पे लहान आहेत, चाकांची फुगलेली बॅग त्यात बसत नाही.

आणि पंख वर आहेत! माझ्यासारखीला यासारखं सुख नाही. विमानाचा पंख छताच्या पातळीवर, त्यामुळे जवळजवळ कुठल्याही खिडकीतून खालची जमीन सलग दिसते. फार उंचही जात नाही, त्यामुळे तलाव, नद्या, रस्ते ओळखता येतात. जाताना उजवीकडची खिडकी मिळवा.

का, ते सांगते. निघायच्या आदल्या रात्री मी नकाशावर उजळाईवाडी ते रेणीगुंटा रेघ ओढली. रेघ निघते उसाच्या पट्ट्यातून, घटप्रभेचं खोरं ओलांडते आणि जाते थेट बदामीवरून, चालुक्यांच्या राजधानीवरून. पुढे हंपी, रेघेपासून आठ-दहा किलोमीटरच्या आत. बरोबर अर्ध्यावर बळ्ळारी. मग रायचोटी, आणि शेवटी शेषाचलमच्या रांगा, जिथे तिरुमला त्या रेघेच्या जरा दक्षिणेला पडतं. रेघ ओढल्यावर मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले होते. बदामी, विजयनगर आणि व्यंकटेशाचा डोंगर, तीनही एका सरळ रेषेत, आणि तिच्या या टोकाला आमची अंबाबाई. विजयनगरचा कृष्णदेवराय १५१३ पासून पुन्हा पुन्हा तिरुमलेला येत राहिला. हात जोडून उभ्या असलेल्या त्याच्या आणि दोन राण्यांच्या धातूच्या मूर्ती आजही त्या देवळात शिरताना दिसतात. हंपीहून तिरुमलेला तो लवाजम्यासह ज्या मुलखातून गेला, तो मुलूख विमानाच्या वाटेखाली येतो.

विमान रेघेवरून तंतोतंत जात नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात आणि नियंत्रण कक्ष सांगेल तसं वळावं लागतं. पण आकाश स्वच्छ असेल तर साधारण अर्ध्या वाटेच्या आधी उजवीकडे तुंगभद्रेचं धरण दिसतं, आणि ते चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही. एवढं पाणी, आणि त्याच्या पलीकडे संडूरचे डोंगर, लोखंडाच्या खाणींनी तांबडे पडलेले. आईला मी म्हटलं, “आई, हे होसपेट बघ. हरिप्रियातून आपण रात्री इथूनच जातो.” रेल्वेची वाट हुबळी-गदगवरून दक्षिणेने वळसा घेत येते आणि विमानाची रेघ बदामीवरून. दोघींची गाठ याच भागात, होसपेट-बळ्ळारीपाशी पडते. इतक्या वर्षांत अंधारात ओलांडलेला तो मुलूख आईने पहिल्यांदाच उजेडात पाहिला. उतरेपर्यंत तिने खिडकीवरून डोकं हलवलं नाही.

बळ्ळारीनंतर जमीन कोरडी होत जाते, मग डोंगर सुरू होतात. तिरुमलेवरून विमानं नेऊ नयेत, मंदिराच्या वरून काही उडणं आगमशास्त्राला धरून नाही, अशी देवस्थानाची मागणी बऱ्याच काळापासून आहे. मला ती मान्य आहे. उतरताना डोंगर नुसता बाजूला दिसला तरी आईने हात जोडले, तेवढं पुरे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, रेणीगुंटा १०० मीटरच्या आसपास, आणि तिरुमला पुन्हा साडेआठशे मीटरवर. त्यामुळे विमानातून उतरल्या उतरल्या जो उकाडा अंगावर येतो त्याची तयारी ठेवा, आणि पहाटे डोंगरावर लागणाऱ्या गारव्यासाठी शाल हातातल्या पिशवीत असू द्या.

रेणीगुंट्याची ‘गरुड’ नावाची इमारत २०१५ मध्ये सुरू झाली. तिथे सगळं सुरळीत. खुर्ची घेऊन आलेला माणूस आईला “अम्मा, अम्मा” म्हणत बोलत होता तेलुगूत, ती उत्तर देत होती कोल्हापुरीत, आणि दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. सामान यायला फार वेळ लागला नाही.

इथून पुढचा टप्पा माणसं हिशेबातच धरत नाहीत. विमानतळाचं नाव तिरुपती असलं तरी तो रेणीगुंट्याला आहे. तिथून तिरुपती शहर पंधरा किलोमीटर आणि तिरुमला चाळीसच्या आसपास. तिकिटावरचं ‘तिरुपती’ वाचून दर्शनाची वेळ लगेच त्याच दुपारची घेणारी मंडळी मी पाहिली आहेत. डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीला तपासणीसाठी गाडी थांबते, सगळ्यांनी उतरायचं, सामान यंत्रातून जातं. तंबाखू, दारू, मांस यांना बंदी आहेच, प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. मग घाट. वर जायचा रस्ता १९७४ चा, खाली यायचा त्याच्या आधीचा, १९४४ चा. गाड्या भरधाव जाऊ नयेत म्हणून वेळेचं बंधन आहे. वर चढायला किमान २८ मिनिटं आणि खाली उतरायला किमान ४० मिनिटं लागली पाहिजेत, त्याआधी पोचलात तर दंड. हा नियम मला फार आवडला. चालकाला घाई करायला सांगून उपयोगच नाही.

आता सगळी बेरीज. घरातून विमानतळ अर्धा तास. तिथे दोन तास आधी हजर, कारण खुर्चीची व्यवस्था व्हायला वेळ लागतो. विमान पावणेदोन तास. सामान आणि बाहेर पडणं अर्धा तास. रेणीगुंटा ते वरची खोली, अलिपिरीची तपासणी धरून, दीड तास. सव्वासहा तास झाले. हरिप्रियाने हाच प्रवास, खाली स्टेशनवरून वर जायचा वेळ धरून, तेवीस तासांच्या घरात जातो. म्हणजे सोळा-सतरा तास वाचतात, आणि त्यात एक आख्खी रात्र वाचते. तरण्या माणसाला त्या रात्रीचं काही वाटणार नाही. आई मात्र संध्याकाळी खोलीवर पोचली, गरम पाण्याने अंघोळ केली, स्वतःच्या पायांनी जेवायला गेली आणि दुसऱ्या दिवशी दर्शनाच्या रांगेत ताजीतवानी होती. तिथली रांग तास-तास चालते. तिथे अंगात त्राण शिल्लक असणं हेच महत्त्वाचं, आणि त्यासाठी मी या विमानाला पूर्ण गुण देते.

आता तक्रार. ती गंभीर आहे, आणि नीट समजून घ्यायला हवी.

तीनशे रुपयांच्या विशेष दर्शनाची तिकिटं देवस्थान दोन-तीन महिने आधी ऑनलाइन सोडतं आणि ती बघता बघता संपतात. ज्येष्ठ नागरिकांच्या दर्शनाचंही तसंच. तारीख आणि वेळ एकदा मिळाली की ती पक्की. दुसरीकडे, आपल्या देशात विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मोठ्या शहरांमध्ये बदल झाला तर विमान तासाभराने पुढे-मागे होतं. कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जिथे आठवड्यातले ठरावीकच दिवस विमान असतं, तिथे वारच बदलतो. दुसऱ्या यात्रेला आमचं तेच झालं. दर्शन नोव्हेंबरचं, तिकिटं ऑगस्टमध्ये काढलेली. ऑक्टोबरमध्ये कंपनीचा संदेश आला, अमुक वाराचं विमान आता नाही, दुसऱ्या दिवशीचं घ्या अथवा पैसे परत घ्या. दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर दर्शनाची वेळ टळून गेलेली. फोनवरच्या मुलीला मी हे परोपरीने सांगितलं. ती सभ्यपणे बोलली, पण देवाच्या दर्शनाची वेळ हलत नाही ही गोष्ट तिच्या संगणकात कुठे बसतच नव्हती. पैसे परत आले, पूर्ण आले. आम्ही जाताना हरिप्रियाने गेलो आणि येताना विमानाने.

एकाच यात्रेत दोन्ही घडल्यामुळे फरक अगदी समोरासमोर दिसला. जाताना आईला खालचं बर्थ होतं, शेजारची माणसं भली होती, गाडी वेळेत पोचली. तरी तो दिवस तिला नुसतं पडून काढावा लागला. येताना डोंगर सकाळी सोडला आणि त्याच दिवशी सांजवातीच्या आत आम्ही अंबाबाईच्या महाद्वारात होतो. यात्रा एका दिवसात पुरी झाली, असं आईच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मला वाटलं, की हे विमान रोज उडलं पाहिजे आणि त्यासाठी आम्ही कोल्हापूरकरांनी आवाज उठवला पाहिजे.

ते रोज का उडत नाही, यामागे कारण आहे. ‘उडान’मध्ये विमानातल्या जवळपास निम्म्या जागा सरकारने ठरवलेल्या कमाल भाड्यात द्यायच्या असतात. २०१६ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा तासाभराच्या, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये ही मर्यादा होती. त्यात कंपनीला जी तूट येते ती सरकार भरून देतं, पण तीन वर्षंच. त्यानंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. मग कंपनी बघते की हेच विमान दुसरीकडे नेलं तर जास्त मिळेल का. यात्रेच्या मोसमात भरभरून जाणारं आणि एरवी रिकामं राहणारं विमान तिला परवडत नाही. म्हणून या मार्गावर विमान कधी बंद, कधी सुरू, कधी वार बदलले, असं होत राहतं. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी नव्या मार्गांच्या घोषणांइतकंच लक्ष आहे ते मार्ग टिकवण्याकडे द्यावं, असं मी मनापासून सांगते. कोल्हापूर, सांगली, निपाणी, चिकोडी, सगळा हा पट्टा तिरुपतीला जाणारा आहे. देवस्थान आणि विमान कंपनी यांनी एकत्र बसून दर्शनाच्या तारखा आणि विमानाचे वार जुळवले, तर रिकाम्या जागांचा प्रश्नही पुष्कळ सुटेल.

थेट विमान नसेल त्या दिवशी लोक हैदराबादवरून जायचा सल्ला देतात. नकाशावर बघा. कोल्हापूर–हैदराबाद ४४५ किलोमीटर, हैदराबाद–तिरुपती ४२० च्या आसपास. त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून साडेआठशेच्या वर जातात, आणि अंतरापेक्षाही मधला थांबा भारी पडतो. हैदराबादचा विमानतळ प्रचंड आहे. तरुण मंडळींनी खुशाल जावं. आईला घेऊन मी जाणार नाही.

भाडं लवकर काढलं तर रेल्वेच्या तीन टियर वातानुकूलित तिकिटाच्या अडीच-तीन पट पडतं, उशिरा काढलं तर विचारू नका. ज्यांचे हातपाय धड आहेत त्यांनी एवढे पैसे खर्चावेत असं मी म्हणणार नाही. विमानाचे पैसे म्हाताऱ्या, आजारी माणसांवर आणि त्यांच्या सोबत्यावर घाला, बाकीच्या कुटुंबाने हरिप्रियाने यावं. आमच्या वाड्यातल्या एका कुटुंबाने असंच केलं. मुलं-सुना आदल्या दिवशी रेल्वेने निघाली, दुसऱ्या दिवशी आजी-आजोबा थोरल्या नातीबरोबर विमानाने आले, आणि मुलगा रेणीगुंट्याला गाडी घेऊन उभा होता.

सामानाबद्दल दोन गोष्टी. घरून नारळ नेऊ नका. अख्खा नारळ हातातल्या पिशवीतून सुरक्षा तपासणीत सोडत नाहीत, आणि सुकं खोबरं तेलामुळे पेट घेणारं म्हणून सामानात बंद आहे. देवळासमोर अखिलांडापाशी नारळ आणि कापूर दोन्ही मिळतात. येताना लाडू हातातल्या पिशवीत चालतात. एक लाडू पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, हातातल्या सामानाची मर्यादा सात किलो, तेव्हा गल्लीत वाटायला किती न्यायचे याचा हिशेब वरच करा. पिशवी सुती घ्या, लाडवाचं तूप पाझरतं.

तिकीट काढायचा माझा क्रम आता ठरून गेला आहे. दर्शनाची तारीख मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या लगेच नंतरची घ्यायची नाही. विमान पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशीचं दर्शन घ्यायचं, त्याच दिवशीचं कधीच नाही. आणि विमानाचं तिकीट हातात असलं तरी हरिप्रियाचं खालचं बर्थही काढून ठेवायचं. विमान नक्की उडणार असं कळलं की ते रद्द करते, आणि त्यात कापले जाणारे पैसे यात्रेच्या खर्चात आधीच धरलेले असतात.